दुसऱ्या काट्यावरच्या अठरा गाड्या

बुधवार, १८ मे २००५. माझी येणे रक्कम सहा हजार रुपये, म्हणजे कामाचा शेवटचा हप्ता. हजर चौघं: कारखान्याचे मॅनेजर, पहिल्या काट्यावरचे चाचा, दुसऱ्या काट्यावरची बाई आणि मी.

कारखाना रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर. आंब्याचा रस डबाबंद करायचे. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन चार वर्षं झाली होती. बँकेत असताना प्रोग्रॅमिंग शिकलो होतो, त्यावर घर चालवत होतो. या कारखान्याच्या दोन वजनकाट्यांचा प्रोग्रॅम माझा.

मॅनेजरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पंधरा दिवसांत दुसऱ्या काट्यावरच्या सोळा गाड्या वजन पुरं होऊनही हिशेबाच्या खोलीतल्या संगणकावर 'चालू' दिसत राहिल्या होत्या, काही अर्धा तास, काही तासभर. गाडी तिथे 'पूर्ण' दिसल्याशिवाय माल आत घेत नसत. तोवर आंबा पत्र्याखाली उकडत बसे.

"दोन काटे, प्रोग्रॅम एकच," मॅनेजर म्हणाले. "चाचांची एक गाडी अडत नाही. मग खोड कोणाची?"

"मी काय गाडी धरून ठेवत्ये?" बाई म्हणाली. "शेवटचं बटण दाबलं की माझं काम संपलं. दर वेळी दाबत्ये."

"दर गाडीला वीस रुपये कापून बघितले, तरी फरक नाही. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर काट्यावर दुसरं माणूस बसवतो."

ती संगमेश्वरच्या बाजूने रोज एसटीने यायची. नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. सीझनची ही मजुरी गेली तर जूनमध्ये मुलांच्या फीचं काय, हे तिने मला आधी एकदा सांगितलं होतं. मी दोन दिवस मागून घेतले.

गुरुवारी वही घेऊन दोन्ही काट्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो. प्रत्येक गाडीच्या चार वेळा लिहायच्या: वजन सुरू, वजन पूर्ण, पावती छापली, हिशेबात पूर्ण. पहिल्या काट्याच्या तिसऱ्या रकान्यातच गंमत दिसली. वजन पूर्ण ११.४०, हिशेबात पूर्ण ११.४०, पावती १२.१५.

"चाचा, पावतीला पस्तीस मिनिटं?"

चाचा निवृत्त खलाशी. तीस वर्षं जहाजांवर काढून आलेले. क्रेट कारखान्याचे असत आणि ड्रायव्हर रिकामे झालेले दोन-चार क्रेट गुपचूप टेम्पोतच ठेवत. कागदाची पावती होती तेव्हा चाचा ती मुठीत धरून आधी क्रेट मोजायचे. छपाईयंत्र आल्यावर त्यांनी त्याच्यावरचं एक बटण शोधून काढलं. ते दाबलं की यंत्र थांबून राहतं, पुन्हा दाबलं की छापतं.

"क्रेट पुरे झाले की बटण सोडायचं," ते म्हणाले. "साहेब, नांगर टाकला तरी साखळी आपल्याकडे पाहिजे. ड्रायव्हर म्हणजे भरतीचं पाणी, गेला की गेला."

"आणि जेवायची वेळ झाली तर?"

"तर नांगर तासभर जास्त."

बाईचा ड्रायव्हरांवर विश्वास होता असं नाही. ती क्रेट गाडी येतानाच मोजून घ्यायची. तिची पावती लगेच छापली जायची.

मी मागच्या पंधरा दिवसांच्या दोन्ही काट्यांच्या नोंदी काढून जुळवल्या. सोळापैकी जितक्या अडलेल्या गाड्यांच्या वेळा मिळाल्या, त्या सगळ्यांच्या वेळी चाचांची एखादी पावती यंत्रात अडकून होती. आता दोषी कोण ते कळलं होतं. कसा, ते कळायचं होतं.

प्रोग्रॅम एखादी फाइल किंवा दुसऱ्या संगणकाशी जोडणी उघडतो तेव्हा यंत्रणा त्याला एक आकडा देते. शून्य, एक, दोन आधीच गेलेले असतात, आपले तीनपासून. काम झालं की तो आकडा परत करायचा. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन धागे, म्हणजे थ्रेड, शेजारी शेजारी चालत, प्रत्येक काट्याला एक. गाडी लागली की धागा हिशेबाच्या संगणकाशी जोडणी उघडे, वजनं पाठवी, शेवटी जोडणी बंद करी. जोडणी बंद झाली म्हणजे गाडी पूर्ण, असं पलीकडे ठरलेलं. मग पावती छापायला धागा एक छोटा वेगळा प्रोग्रॅम सुरू करून देई आणि पुढच्या गाडीकडे वळे.

दुपारी सव्वाला चाचांनी बटण दाबलं आणि डबा उघडला. दहा मिनिटांनी बाईची गाडी अडली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी संगणकावर चाचांच्या पावतीचा छोटा प्रोग्रॅम शोधून त्याने काय काय उघडून ठेवलं आहे त्याची यादी काढली. लिनक्स ही तिथली यंत्रणा ती दाखवते. शून्य, एक, दोन आणि सात. सात म्हणजे हिशेबाच्या संगणकाची जोडणी. पावती छापणाऱ्याला तिचं काहीच काम नव्हतं.

ती जोडणी बाईच्या काट्याची होती. चाचांच्या धाग्याने छपाईचा प्रोग्रॅम सुरू केला त्या क्षणी बाईचा आकडा उघडा होता, आणि नव्या प्रोग्रॅमला आईकडचे, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे, सगळे उघडे आकडे वारशाने मिळतात. कोणत्या धाग्याचे, हे यंत्रणा विचारत नाही. बाईच्या धाग्याने आपली प्रत बंद केली, पण दुसरी प्रत चाचांच्या थांबलेल्या पावतीच्या हातात राहिली. शेवटची प्रत बंद होईपर्यंत पलीकडे जोडणी चालूच दिसते. चाचांची स्वतःची जोडणी मात्र पावतीच्या आधी बंद झालेली असे आणि बाईची पावती काही धरून बसत नसे, म्हणून त्यांची गाडी कधी अडली नाही.

मी बाईला एवढंच सांगितलं, "तुमची चूक नाही. माझी आहे."

"मग ते त्यांना सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. मॅनेजर हसले. "म्हणजे चाचा जेवले की हिची गाडी अडते? काका, बँकेत असंच चालायचं काय?"

उपाय माहीत होता. आकड्यावर एक खूण करता येते: नवा प्रोग्रॅम सुरू होताना हा आपोआप बंद व्हावा, वारशात जाऊ नये. संध्याकाळी ती ओळ घातली. चाचांना बटण दाबायला लावून पाच वेळा तपासलं. शुक्रवार, शनिवार, रविवार एकही गाडी अडली नाही. बाई काट्यावर राहिली. मी मॅनेजरांना लिहून दिलं की दोष दूर झाला आहे.

ते लिहून द्यायला नको होतं. सोमवारी, २३ तारखेला, साडेबाराला बाईची एक गाडी चाळीस मिनिटं अडली. मी पोचलो तोवर तिने काट्याच्या केबिनची किल्ली मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली होती.

"आता प्रोग्रॅमपण बरा झाला म्हणता," मॅनेजर म्हणाले. "तुमचंच अक्षर आहे हे."

"उद्यापर्यंत किल्ली तिच्याकडेच राहू दे. एक दिवस."

"काका, आंबा एक दिवस थांबत नाही."

चाचा दारात उभे होते. "आंबा नाही थांबत, पण मी थांबतो," ते म्हणाले. "आजचा दिवस बटण दाबत नाही. क्रेट कमी आले तर माझ्या मजुरीतून." मॅनेजरांनी हात उडवला. बाईने किल्ली उचलली.

मी स्वतःच्या ओळी कागदावर उतरवून पुन्हा वाचल्या. पहिल्या ओळीत आकडा घ्यायचा, दुसरीत हिशेबाच्या संगणकाशी जोडणी करायची, तिसरीत खूण करायची. जोडणीला कधी क्षण लागे, कधी पलीकडचा संगणक कामात असला की जास्त. तेवढ्या वेळात आकडा उघडा होता आणि खूण नव्हती. त्याच फटीत चाचांच्या धाग्याने पावती सुरू केली की वारसा पुन्हा गेलाच. एकच धागा असता तर ओळींमध्ये दुसरं काही घडलं नसतं. मी दोन धागे ठेवून एकाच्याच हिशेबाने विचार केला होता. पाच वेळा तपासलं तेव्हा बाईची गाडी दर वेळी आधीच लागलेली होती, म्हणून फट दिसली नाही.

खूण वर आणली, आकडा मिळाल्याबरोबर, जोडणीच्या आधी. तरीही दोन ओळींमध्ये फट उरतेच, कितीही लहान असली तरी. म्हणून एक कुलूप घातलं. आकडा घेणं आणि खूण करणं ही दोन्ही कामं कुलूप हातात घेऊन करायची. पावतीचा प्रोग्रॅम सुरू करतानाही तेच कुलूप लागेल. एका वेळी कुलूप एकाच धाग्याकडे, त्यामुळे खूण नसलेला आकडा उघडा असताना पावती सुरूच होऊ शकत नाही. आकडा घेतानाच खूण करून देण्याची सोय लिनक्समध्ये तीनेक वर्षांनी आली. तेव्हा नव्हती.

या वेळी संध्याकाळी गाड्या संपल्यावर, खोट्या नोंदींवर तपासताना त्या दोन ओळींच्या मध्ये मुद्दाम पाच सेकंदांचा थांबा घातला आणि त्या पाच सेकंदांत चाचांची पावती सुरू होईल असं बघितलं. आधी कुलूप काढून: गाडी अडली. मग कुलूप घालून: नाही अडली. दोन्ही वीस वीस वेळा. चाचा वैतागले. "साहेब, एवढ्यात माझी बोट कोचीनला लागली असती."

लिहून काही दिलं नाही. मंगळवारपासून चाचा पुन्हा बटण दाबू लागले. ८ जूनला सीझन संपेपर्यंत मी रोज यादी पाहिली. दुसऱ्या काट्यावरची एकही गाडी अडली नाही. चाचांचा सोमवारचा एक क्रेट मात्र कमी आला, तो दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने आणून दिला.

१० जूनला हिशेब झाला. अडलेल्या गाड्या अठरा, प्रत्येकी वीस, बाईचे कापलेले तीनशे साठ. मॅनेजर म्हणाले, पुढच्या सीझनला बघू. मी म्हटलं, ते माझ्या हप्त्यातून कापा आणि तिला आजच द्या.

"तुम्ही कशाला?"

"अठराच्या अठरा गाड्या माझ्या प्रोग्रॅमने अडवल्या."

तिने नोटा दोनदा मोजल्या आणि पिशवीत ठेवल्या. "बरोबर आहेत," म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली. तिला तीनशे साठ मिळाले. मला पाच हजार सहाशे चाळीस.