डावीकडचे जोड

दादाने आयुष्यात कापड कधी दोनदा मापलं नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचं माप दादाच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं. टेप लावायचा तो समोरच्याच्या समाधानासाठी. तो कटिंगच्या टेबलाशी, मी मशीनवर आणि वहिनी काजं-बटणांना, अशी आमची तीस वर्षं गेली. माझी टीप जरा वाकडी गेली की म्हणायचा, "दारू मशीनने प्यायली की तू?"

फुफ्फुसाच्या कॅन्सरमधून उठून तो पुन्हा टेबलाशी उभा राहिला, तेव्हा जिवावरचं बोटावर निभावलं, असं मीच वहिनीला म्हणालो होतो. मलाच कशाला घाई होती, देव जाणे.

महिनाभराने एक बाही दोन बोटं आखूड निघाली. चार दिवसांनी दुसरी. दोन्ही टेबलाच्या डाव्या कडेला कापलेल्या. आमच्या धंद्यात चूक झाकायची असते, चारचौघांत उगाळायची नसते. एवढ्या आजारातून उठलेल्या माणसाला काय बोलायचं? मी उरलेल्या कापडाचा जोड दिला, शिवण कफाखाली लपवली आणि गप्प बसलो. असे नऊ जोड दिले.

मग एका सकाळी दादाचा डावा खांदा दुकानाच्या चौकटीवर आपटला. समोर चौकट असून त्याला ती दिसली नव्हती.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मोठ्या माणसांच्या मेंदूत सापडणाऱ्या गाठी बहुतेक वेळा तिथल्या नसतातच, दुसरीकडून आलेल्या असतात. सगळ्यांत जास्त फुफ्फुसातून. स्तनाच्या, कातडीच्या, मूत्रपिंडाच्या कॅन्सरमधूनही येतात. दादाच्या गाठी उजव्या बाजूला होत्या, म्हणून डावीकडचं त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, आणि पोहोचत नाही हेही त्याला कळत नव्हतं. बाईंनी विचारलं, आधी काही वेगळं जाणवलं होतं का? वहिनी माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो.

ते 'नाही' मला आजही जेवू देत नाही.

वॉर्डात मी नेहमी त्याच्या उजवीकडे बसायचो. एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली, तेव्हा धीर करून बोललो.

"दादा, तुझं कटिंग डावीकडे चुकत होतं. दोन महिने. मी जोड देत होतो."

त्याने उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"इस्त्री करताना जोड हाताला लागायचे," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच कापड बिघडवतोयस. वय झालं तुझं. तुझी शोभा नको म्हणून बोललो नाही."

मग त्याने माझा हात थोपटला. त्या हाताने माझी सुटका केली नाही.

दादा जाऊन वर्ष झालं. आता कटिंग मी करतो, दोनदा मापून. परवा वहिनीने काजं करता करता एक बाही उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यासमोर धरली.

"भाऊजी, ही डावी जरा आखूड वाटते. खरं सांगा, तुम्हाला बरं आहे ना?"

तिने लगेच विचारलं. आम्हा दोघा भावांना ते जमलं नव्हतं.