बाराव्या खोलीतली रिकामी ओळ

डार्बी ट्रसेल पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आली ती ऑगस्टमध्ये, गालांवर चमकी आणि ओरडून ओरडून बसलेला घसा घेऊन. आमच्या मिसिसिपीतल्या या कॉलेजगावात मुलींच्या सोरॉरिट्या आहेत, भगिनी मंडळंच म्हणा ना. एका मोठ्या घरात पन्नासेक मुली, दारावर ग्रीक अक्षरं, छातीवर बिल्ला, आणि एकमेकींना म्हणायचं 'सिस्टर'. अशा एका घरात मी एकोणीस वर्षं रांधतेय. त्या दिवशी डार्बीची निवड झाली होती. बाप खेड्यात शाळेची बस चालवायचा. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ही पहिलीच.

"मिस विल्मा, मला एका दिवसात तेरा बहिणी मिळाल्या!" ती म्हणाली.

ऑक्टोबरात त्यांतल्या बारा जणी तळ्यावर दोन दिवस राहून आल्या. सगळ्यांचे एकसारखे शर्ट. डार्बीला ते फोटोवरून कळलं. "अगं, आम्हाला वाटलं तू घरी जाणार आहेस," लॉरेल म्हणाली. ही लॉरेल तिची सगळ्यांत जवळची. पण विचारलं कोणी होतं? जेवायला बसताना रिकामी खुर्ची टेबलाला टेकवून राखलेली असायची. "इथे कोणीतरी येतंय हं." हळूहळू डार्बी सगळ्यांच्या आधी येऊन, उभ्याउभ्याच जेवायला लागली.

फेब्रुवारीत एका सोमवारी जेवणघराच्या दारावर खोल्यांचा कागद लागला. दुसऱ्या वर्षाला मंडळाच्या घरात राहायलाच हवं, एका खोलीत दोघी. गुरुवारी पाचपर्यंत आपापल्या जोड्या लिहायच्या, नाहीतर बिल्ला परत करायचा, म्हणजे मंडळच सोडायचं. लॉरेलने तिला एका खोलीत राहायचा शब्द सप्टेंबरातच दिला होता. मंगळवारी लॉरेलचं नाव दुसऱ्याच मुलीच्या नावाखाली होतं.

डार्बीने तिला माझ्या ओट्यापाशीच गाठलं.

"तू म्हणाली होतीस, आपण दोघी."

"तेव्हा म्हणाले होते गं. एवढं काय मनाला लावून घेतेस? टॅबिथाच्या खोलीत जागा आहे ना!"

"टॅबिथा? त्या घोड्याच्या वासाबरोबर वर्षभर? त्यापेक्षा मी बसमध्ये झोपेन."

लॉरेल हसली. मग तिची नजर डार्बीच्या मागे गेली. दुधाच्या यंत्रापाशी हातात पेला घेऊन टॅबिथा उभी होती, त्या तेरांतलीच तेरावी. तबेल्यात काम करून थेट जेवायला यायची ती, बुटांसकट. तिने पेला भरून घेतला आणि निघून गेली. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. डार्बीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बुधवारी कागदावर एकच ओळ उरली. बारावी खोली, वर टॅबिथाचं नाव, खाली कोरं.

गुरुवारी दुपारी डार्बी तिला शोधत आत आली. टॅबिथा मागच्या टेबलाशी मक्याचा कॉर्नब्रेड खात होती.

"मी परवा जे बोलले..."

"परवाचं सोड," टॅबिथा म्हणाली. "सप्टेंबरात त्या माझ्या चालण्याची नक्कल करत होत्या, तेव्हा तूही हसलीस. मोठ्याने नाही. पण हसलीस."

 "हसले," डार्बी म्हणाली. "तोवर माझ्यावर वेळ आली नव्हती."

"नाव लिहायचं तर लिही. मी खोडणार नाही. पण मैत्री वगैरे मागू नकोस."

"तू कशी टिकतेस गं इथे?"

"जिन्यात माझ्या आईचा फोटो आहे, तिच्या वर्षाच्या मुलींबरोबर; तीही याच मंडळातली. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. रोज तिच्यासमोर थांबते, मग जेवायला येते. बाकीच्यांशी मला काय करायचंय?"

पावणेपाचला सगळ्या कागदाभोवती जमल्या. मंडळाची अध्यक्ष खुर्चीवर पेन घेऊन बसलेली. "डार्बी, लिहितेस ना? एक सही, मामला खतम." मी दारात उभी, हात पुसत. मला वाटलं, लिही बाई, बापाने सगळ्या गावाला सांगितलंय. डार्बीने पेन घेतलं. कागदापर्यंत नेलं.  मग पेन ठेवून ती बिल्ला काढू लागली. पिन शर्टात अडकली, निघेना. कोणी मदतीला आलं नाही.

"वेडी आहेस का? एका खोलीवरून?" लॉरेल म्हणाली.

"खोलीवरून नाही. मी राहिले ना, तर पुढच्या वर्षी नव्या पोरीला मीच म्हणेन, इथे कोणीतरी येतंय हं. मला येतं ते आता."

बिल्ला टेबलावर ठेवून ती गेली. पाठीमागे कोणीतरी खिदळलं, पण एकटीच.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. मेपर्यंत ती कॉलेजच्या मोठ्या खानावळीत एकटी जेवायची. बाप महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. वसंतातल्या नाचाच्या दिवशी मी तिला समोरच्या फुटपाथवर पाहिलं, आत जाणाऱ्या मुलींचे झगे बघत थांबलेली. हाक मारणार होते, नाही मारली. दुसऱ्या वर्षी वाद्यवृंदात तिला दोन मैत्रिणी मिळाल्या, त्या टिकल्या. टॅबिथा बाराव्या खोलीत एकटीच राहिली, शेवटपर्यंत.

डार्बी आता ग्रीनवुडकडे शाळेत शिकवते. मागच्या उन्हाळ्यात किराणा दुकानात भेटली. टॅबिथाला तिने माफीचं पत्र लिहिलं होतं, चार पानांचं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"उत्तर नाही आलं, मिस विल्मा." टोपलीतली पिकलेली पीच फळं ती एकेक दाबून बघत होती. "यायलाच हवं असंही नाही."