नागिणीची टोकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीटसं कळत नाही.

सासूबाईंच्या कमरेला नागीण उठली, तेव्हा पेणला गणपतीचं काम ऐन भरात आलेलं. रामवाडीत घरामागच्या शेडमध्ये मी मूर्तींचे डोळे आखते. त्या आत पलंगावर तळमळत असायच्या. साडीचा काठ लागला तरी कळ यायची बिचाऱ्यांना. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. वर जुन्या लुगड्याचं फडकं थंड पाण्यात पिळून ठेवलं, की जरा बरं वाटायचं. मी ते ठेवून पुन्हा ब्रश धरते न धरते तोच हाक — "बघ गो, टोकं जुळली काय?"

नागिणीने कमरेला वेढा घातला, टोकाला टोक लागलं की माणूस जातं — आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही हे? डॉक्टर म्हणाले होते, ही एकाच बाजूला राहते, वेढा पडत नाही. ते मी सासूबाईंना सांगितलंही. पण त्यांचा विश्वास डॉक्टरांवर नव्हता — माझ्यावर होता. स्वतःची पाठ त्यांना दिसत नव्हती ना. मी "नाय जुळली" म्हटलं, की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. गोळीनेही तेवढा आराम पडत नसेल.

मग एका दुपारी — पुन्हा हाक आली, आणि माझं डोकं फिरलं. मी जाऊन पाठ बघितली. पुरळ होतं तिथेच होतं. सुकायलाही लागलं होतं. आणि मी म्हटलं, "आई, जुळत आलीत. वरसेला ताईंकडे जा. तिथनं जवळच रोह्याला नागीण उतरवणारे हायत."

मला सासूबाई घरातून जायला हव्या होत्या. दुसरं काही नाही.

नवऱ्याने त्यांना त्याच संध्याकाळी लेकीकडे नेऊन सोडलं. नणंदेने मागाहून सांगितलं — आईने हातातल्या पाटल्या काढून नातीला दिल्या, भावाला भेटायला बोलावलं, जेवण टाकलं. फडकं ठेवायला गेलं तर म्हणायच्या, आता कशाला?

रोह्याला नागीण उतरवून घेऊन त्या बऱ्या होऊन परत आल्या. पुढे असेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, "सुनेनं खरं सांगितलं, म्हणून वाचले मी." आणि मी? मी समोर बसून ऐकून घेतलं. दरवेळी.

तिकडे त्या मरणाची वाट बघत होत्या, तेव्हा इकडे मी डोळे आखत होते. हाक मारणारं कुणी नव्हतं. मला फार बरं वाटत होतं.