ओट्यावर ठेवलेली माफी

"तुझी माफी मागितलीया कुनी? आँ? मी मागितली? का माज्या बानं मागितली?"

कोंडिबा पाटील ओट्यावरून असा ओरडत होता, की आकुर्डीच्या माळावर चरणाऱ्या म्हशींचं दूध त्या दिवशी आटलं. खाली अंगणात शांतवन गायकवाड, धुतलेला सदरा घालून, हात जोडून उभा. आणि त्याच्या मागं मी, पळायची वाट आधीच हेरून ठेवलेला.

शांतवन गेल्या महिन्यात गेला. त्याच्या मातीला सगळे डोळे पुसत होते आणि मला मेल्याला ऐकू येत होता तो पाटलाचा ओरडा… पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता तेव्हा शांतवन नगरकडून आला, मी साताऱ्याकडून. दोघंही सुतार. त्याच्या रंध्याखालून निघालेली लाकडाची साल डोळ्यांपुढं धरून, शपथेवर सांगतो, पेपर वाचता येई. मग एका वैशाखात तहानेनं जीव जायला आला म्हणून त्यानं कोंडिबाच्या विहिरीत बादली सोडली. ख्रिस्ती झालेल्यानं विहीर बाटवली म्हणून कोंडिबानं बैलाच्या पराणीनं असा तडाखा दिला, की उजव्या हाताची बोटं वाकडी झाली ती कायमचीच. रंधा सुटला. पुढं तो डाव्या हातानं खिळे ठोकी.

मी मारुतीचा भक्त, पण गाणी ऐकायला रविवारी त्याच्या ख्रिस्ती देवळात जाऊन मागं बसे. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीला, भाकरीचं ताट फिरे, सगळे तुकडा घेत. शांतवन मात्र ताट तसंच पुढं सरकवी. मला राहवेना. "काय राव, उपास आहे का?"

"मनात माणूस अडकलाय. त्याच्यावर डूख धरून ती भाकर खायची नसते."

बाकीच्यांच्या मनात काय सगळे गुळानं चिकटलेले होते? पण हा गडी तसाच. वर्षं गेली. मग त्याच्या रूथचं पहिलं प्रभुभोजन ठरलं आणि पोरगी म्हणाली, "बाबा, त्या दिवशी माझ्या शेजारी बसून भाकर घ्याल ना?" म्हणून तो आदल्या दिवशी पाटलाच्या दारात माफ करायला गेला होता. ज्याला आपलं चुकलंय असं स्वप्नातही वाटत नाही, त्याला!

पाटलाचा दम संपल्यावर शांतवन म्हणाला, "खरं आहे पाटील, तुम्ही नाही मागितली. पण मला आता हे ओझं वागवत नाही. इथं ठेवून जातो. घ्या, नाहीतर राहू द्या." आणि डोक्यावरची मोळी उतरवावी तसे दोन्ही रिकामे हात त्यानं ओट्याला टेकवले, आणि वळला.

कोंडिबाचं तोंड चुन्यासारखं पांढरं. "अय! काय ठिवलंस? उचल ते! करनी केली रं माज्यावर!"

मग काय विचारता! ओटा गोमूत्रानं धुतला, देवऋषी आणला, फरशी उखडली, पार पाताळाला भोक पडेपर्यंत खणलं. काही सापडलं नाही. तिथं नक्की काय ठेवलं होतं, याचं मला अजून कुतूहल आहे… जाता-येता मीही गुपचूप वाकून पाहिलंय.

पण त्याआधी, ओट्यावरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी रूथच्या शेजारी बसून शांतवननं ताट धरलं, तुकडा घेतला, खाल्ला. घरी येताना मी वाटेतच गाठला. "खरं सांग गड्या, केलंस त्याला माफ?"

"काल केलं होतं," तो म्हणाला. "मघाशी ताट धरताना बोटं ठणकली. परत करावं लागलं."