लोड सुटलेला गेम

गेम सुरू झाला आणि संपलासुद्धा. मधल्या वेळात मी फक्त "बघा काका" एवढंच म्हणालो होतो.

पडद्यावर विटांची भिंत आली, चेंडू दिसला न दिसला, तिन्ही चेंडू गेले, खेळ खलास. मी परत सुरू केला. परत तेच. तिसऱ्यांदा मी पडद्याकडे न बघता काकूंच्या तोंडाकडे बघितलं. ते करायला नको होतं.

माझं परळीत कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्या मजल्यावर, अकरा पायऱ्या. नागरगोजे काका त्या एकेक करून चढून आले होते. काका थर्मलच्या, म्हणजे इथल्या वीज केंद्राच्या, कंट्रोल रूममधून रिटायर झालेले. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. आणि मी शहाण्यानं सकाळी फोन करून सांगितलं होतं, "काकू, झाला चालू. घेऊन या काकांना." मेनू उघडला होता, सूर वाजला होता. खेळून कोण बघत बसतं?

काकू पहिल्यांदा आल्या त्या आठ दिवस आधी. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक सीडी घेऊन.

"डागदर म्हनले, हे सुरवातीचे महिनेच कामाचे. हाताला काम द्या, न्हाई तर मग अवघड हाय. रबराचा चेंडू दिला दाबायला. ह्येंनी फेकून दिला. डाव्या हातानं."

"का?"

"म्हनले, मी काय लेकरू हाय का? मग मला ह्यो गेम आठवला. कॉलनीत ऱ्हात होतो तवा ड्यूटीवरून आले की ह्येच. जेवायला हाक मारली तर म्हनायचे, एक भिंत ऱ्हायली."

गेम साधा. खाली एक फळी, ती माउसनं डावीउजवीकडं सरकवायची, चेंडू उडवायचा, वरच्या विटा फोडायच्या; चेंडू तीनच मिळायचे. काका माउस उजव्या हातानं धरायचे. काकूंनी डॉक्टरच्या पुढचा विचार केला होता.

काकांचा जुना कम्प्युटर उघडला तर आत बोटभर राख. परळीत ही थर्मलची राख पापडावर बसते, तर कम्प्युटरला काय सोडते. तो गेलेलाच होता. लेकीनं दिलेला नवा लॅपटॉप होता, त्यावर गेम चालवायचा असं ठरलं. मी सीडी घातली. वाचेना. काढून उलटी केली तर चमकत्या बाजूवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. एकावर एक, पुटं चढलेलं.

"काकू, हे काय?"

"खंडेनवमीला मशीनची पूजा करतो ना आमी. मग ह्याचीबी. चमकती बाजू बरी दिसली."

सीडी वाचणारा प्रकाश नेमका त्याच चमकत्या बाजूनं वाचतो. मला हसायला तोंड नव्हतं, माझ्या टेबलवरच्या स्क्रूड्रायव्हरलाही कुंकू होतंच. साबणाच्या पाण्यानं सीडी धुतली. पुसताना मधून कडेकडं सरळ पुसायची, गोल गोल नाही. गोल ओरखडा गेला की एका जागचा सगळा मजकूर जातो. दोनदा धुतल्यावर वाचली.

पुढची अडचण विंडोजची. आजचं विंडोज इतक्या जुन्या गेमला दारातच उभं करतं. त्याची भाषाच याला येत नाही. त्यावर उपाय म्हणजे एम्युलेटर. हा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपमध्ये बसून जुन्या कम्प्युटरचं सोंग घेतो. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. हे जमलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की स्पीडच्या खान्यात 'फुल' टाकलं. नवा लॅपटॉप आहे, पळू दे.

पळाला. आणि काका अकरा पायऱ्या चढून येऊन त्याकडं बघत बसले होते. उजवा हात टेबलवर, जिथं काकूंनी ठेवला होता तिथंच. काकू हळूच म्हणाल्या, "न्हाई जमत का? तसं सांगा. परत ह्येंना वर आनायचं म्हंजे..."

तेवढ्यात काका बोलले. झटक्यानंतर त्यांचा शब्द जड येत होता.

"लोड... सुटला."

"नाही काका, लाइट आहे."

"लाइट न्हाई बे. टर्बाइन."

काकूंनी चमकून वर बघितलं. नंतर त्या मला म्हणाल्या, दोन महिन्यांत ह्येंनी कुनाला 'बे' म्हनलं नव्हतं.

काकांनी तुकड्यातुकड्यानं मला समजावलं. टर्बाइनवर विजेचा लोड असतो तोवर ते आपल्या चालीनं फिरतं. लोड अचानक सुटला की तेवढीच वाफ त्याला उधळवते. म्हणून वाफ आवळायची. "वाफ कमी कर," काका म्हणाले.

बावीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. हे जुने गेम घड्याळ बघत नाहीत. प्रोसेसर जितका पळेल तितके पळतात. तेव्हाचा प्रोसेसर संथ, तोच त्यांचा लोड. तो मी काढून घेतला होता.

एम्युलेटरमध्ये सायकल्सचा एक आकडा असतो. तो उतरवला की सोंगातला प्रोसेसर मंद होतो. मी उतरवायला लागलो. वीस हजार. "अजून." दहा. "अजून." तीन हजारांवर चेंडू माझ्या डोळ्यांना अगदी ठीक दिसत होता.

"झालं ना, काका?"

"न्हाई. सूर चढलाय."

तेव्हा लक्षात आलं, काका पडद्याकडे बघतच नव्हते. डोळे मिटून बसले होते. चेंडू फळीवर आपटला की टुक, वीट फुटली की टिंग, भिंत संपली की छोटीशी धून. माणसानं जन्मभर मशीनच्या आवाजावर ड्यूटी केलेली. अलार्म वाजायच्या आधी ज्यांना कळतं, त्यातले हे. मी शंभर-शंभरनं उतरवत गेलो. सव्वीसशेवर काका म्हणाले, "हां. थांब."

मी थांबलो. चेंडू टुकटुक करत होता आणि टेबलवर आणखी एक आवाज येत होता. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या तालावर हलत होती. जरा मागं पडत होती, पण हलत होती. काकांना पत्ता नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी मान हलवून मला गप्प केलं आणि त्या हाताजवळचा पाण्याचा ग्लास अलगद बाजूला सरकवला.

मग काकांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून माउसवर ठेवला. तिन्ही चेंडू गेले. पण या वेळी ते जाताना दिसले.

आता काकांचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो. "लई मंद चाललाय, वाढव." मी जाऊन शंभरानं वाढवतो. परवा एकतीसशे झाला. शर्टाची वरची दोन बटणं काका आता स्वतः लावतात, तिसऱ्यासाठी काकूंना हाक मारतात आणि त्या म्हणतात, "एक भिंत ऱ्हायली."

मी यातून एवढंच शिकलो, की मेनू उघडला म्हणजे गेम चालला असं नाही. गिऱ्हाइकाला पायऱ्या चढायला लावायच्या आधी एकदा आपण खेळून बघावं.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. बायकोनं, सुरेखानं, शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मिक्सरचा लाइट लागला म्हणजे मिक्सर दुरुस्त झाला, असं तुम्ही दिवाळीपासून सांगताय. त्या काकांना एकदा आवाज ऐकायला घरी बोलवा. आपल्याकडं पायऱ्या नाहीत."