भात कच्चा हाय, भाषण लांबवा

नव्वदच्या दशकात माण तालुक्यात लग्नाचा माइक आमच्या थोरल्या चुलत्यांच्या हातात असायचा. नवरदेव कुणीही असो, मांडवातला खरा मान आपलाच, अशी त्यांची ठाम समजूत.

माझ्या बहिणीच्या लग्नात अक्षतांची वेळ झाली तरी भात शिजेना. अक्षता पडल्या की वऱ्हाड पंगतीकडं धावणार, म्हणून चुलत्यांनी आशीर्वाद द्यायला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याच्या कानात सांगितलं, "सायेब, भात कच्चा हाय, भाषण लांबवा."

माइक चालू होता. देवळावर बांधलेल्या कर्ण्यांनी ते अख्ख्या गावाला ऐकवलं. पुढारी इतका आज्ञाधारक, की त्यानं खरंच लांबवलं. मांडव पोट धरून हसत होता आणि तो तालुक्याला पाणी कधी येणार यावर बोलत होता.

पाणी आलं नाही, वाक्य मात्र पसरलं. एसटीच्या कंडक्टरनं ते दहिवडीहून साताऱ्याला आणलं, मुंबईत कामाला असलेल्यांनी आणखी लांब नेलं. साताऱ्यात आमचे प्राध्यापक भरकटले की मागच्या बाकावरून यायचं, "भात कच्चा हाय!" शिरवळच्या कारखान्यांत बोनसऐवजी साहेबांचं भाषण सुरू झालं, की तेच. वाईकरांनी 'हाय'चं 'आहे' करून त्याला सोवळं नेसवलं. हे आलं कुठून, असं कुणीच विचारलं नाही. फुकट मिळालेल्या मालाची पावती कोण मागतो?

चुलत्यांनी मात्र माइक सोडला. लग्नात ते मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसायला लागले. तिथंही कुणीतरी "शिजला का?" म्हणून विचारायचाच. मला त्यांची कीव यायची आणि हसूही आवरायचं नाही.

काही वर्षांनी सांगलीत नात्यातलं लग्न होतं. पाहुण्याचं भाषण लांबलं, तसं शेजारच्या अनोळखी गृहस्थानं चुलत्यांना कोपरानं ढोसलं. "भात कच्चा दिसतोय! हे वाक्य आमच्या मेव्हण्याचं बरं का. मिरजेकडं एका लग्नात बोलला हुता."

सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. पण चुलते लालबुंद झाले.

"मेव्हण्याचं? आवं, माजं हाय ते! माणात, माज्या पुतणीच्या लग्नात बोललोय मी!"

"असं म्हणणारं लय भेटत्यात," गृहस्थ हसला.

"सांग की रं ह्यास्नी!" चुलते माझ्याकडं वळले. मी शपथेवर सांगितलं.

"तुमी घरचं मानूस. तुमी तसंच म्हणणार."

तेवढ्यात मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. चुलते उठले, तडक स्टेजवर गेले आणि इतक्या वर्षांनी त्यांनी माइक हातात घेतला. घसा खाकरला. "मंडळी, भात कच्चा हाय, हे जे वाक्य हाय..."

मंडळी पंगतीला पळाली होती. सांगलीचा भात वेळेवर शिजला होता.