आकानिसीच्या मापाचे इअरफोन

लेवुकातल्या माशांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं डबे भरले, तरी आकानिसीला कारखान्यातली बाई म्हणून कुणी ओळखत नाही. ती गाण्यातली. लग्न होऊन ती या बेटावर आली, पोरं झाली, नवरा गेला, पण माहेरच्या गावाच्या गायनमंडळातली खालच्या पट्टीची जागा तिने एकतीस वर्षांत सोडली नाही. आता ते गाव निम्मंअधिक राजधानीला, सुवात राहायला गेलंय, म्हणून तालीमही सुवात, दर शनिवारी. म्हणजे पहाटेची बस, मग बोट, मग पुन्हा बस, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट. सोबतीला तिची आतेबहीण उनाइसी. तीही लेवुकातच दिलेली आणि त्याच पट्टीत, हिच्या बरोबर मागे उभी राहणारी. या दोघींची जीभ बोटीच्या इंजिनाच्या वरताण, असं बोटीवरचे लोक म्हणतात आणि ते खोटं नाही.

ऑगस्टमध्ये चर्चची मोठी गायनस्पर्धा. या वर्षी पेनिआसी मास्तरांनी असलं अवघड गाणं निवडलं की जुनी खोडंसुद्धा हादरली. मास्तरांनी प्रत्येक पट्टीचा सूर वेगळा गाऊन फोनवर पाठवला आणि बजावलं, "बसमध्ये ऐका, बोटीवर ऐका, चुलीपुढे ऐका. जुलैच्या शेवटच्या शनिवारी एकेकाला एकटं गायला लावणार. खालच्या पट्टीच्या बायका बारा आहेत, मला दहा पुरे."

आकानिसी धास्तावली. कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षं झाली, तिला कमी ऐकू येत होतं. तालमीत मागच्या पुरुषांचा खर्ज तेवढा पोचायचा, बाकी सगळं पांघरुणाआडून आल्यासारखं. ती बाकीच्यांचे ओठ बघून वेळ मारून नेत होती. यंत्रांच्या खडखडाटाने कान खाल्ले, आता काय, असं तिने मनाशी धरलं होतं. पण एकटीने गायचं म्हणजे ओठ कुणाचे बघणार?

आठवडाभर तर कारखाना. शिकायला वेळ मिळे तो प्रवासातच, आणि प्रवास कसला! बसच्या खिडक्यांना काचा नाहीत, ताडपत्रीचे पडदे फडफडतात, वरून ड्रायव्हर आपल्या आवडीची गाणी छप्पर उडेल इतकी मोठी लावतो. पुतण्याने दिलेले जुने इअरफोन तिने लावून पाहिले. एका खड्ड्याला डावा पडायचा, दुसऱ्याला उजवा. हाताने दाबून धरावेत तर कान दुखून लाल. चटया विकून बाजूला ठेवलेले तीस डॉलर पिशवीत घालून तिने ठरवलं की या शनिवारी कानात घट्ट बसतील, दुखणार नाहीत आणि मास्तरांचा सूर नीट पोचवतील असे इअरफोन घ्यायचेच.

सुवाच्या बसतळाला लागून विद्यावतीचं दुकान आहे, कपाटाएवढं. विद्यावती लबासा गावची, बाप उसाच्या मळ्यात राबलेला, आणि ही फोनची कव्हरं, वायरी, चार्जर विकते. उनाइसी बाजारात कंद निवडायला गेली होती, हे बरंच झालं. आकानिसीने कपाटावरचे सगळ्यात मोठे, चकचकीत, बिनवायरचे दाखवायला सांगितले.

"मावशी, हे तुम्हाला देत नाही," विद्यावती म्हणाली.

"का? पैसे आहेत माझ्याकडे."

"पैशाचं नाही हो. बोटीवर चार्जिंग कुठे करणार? आणि हे सुटे दाणे. कठड्याशी उभ्या राहिलात आणि एक पडला की गेला माशांच्या पोटात. मग कारखान्यात डबा भरताना सापडला तर सापडला."

आकानिसीला हसू आलं. बाई तोंडाची फटकळ होती, पण खोटी नव्हती.

विद्यावतीने वायरवाले तीन जोड काढले, रबरी टोप्यांची लहान-मोठी मापं एका ताटलीत ओतली आणि प्रत्येक टोपी स्पिरिटने पुसली. आकानिसीच्या लोकांच्या डोक्याला परक्याने हात लावायचा नसतो, हे तिला काय सांगायला हवं? बसतळावर जन्म गेलेला. ती गिऱ्हाइकाच्या हातात आरसा देते आणि लांबून शिकवते. "उलटा हात डोक्यावरून न्या. कान वर आणि मागे ओढा. आता दाणा आत घाला आणि कान सोडा. बाहेरचा गोंगाट कमी झाला की माप बरोबर. नुसता ढकलून उपयोग नाही."

उजवा बसला. डाव्यात काहीच वाजेना.

"हा बिघडलेला आहे," आकानिसी म्हणाली.

विद्यावतीने बाजू बदलून दिल्या. तरी डावा मुका. दुसरा जोड घेतला, तिसरा घेतला. डावीकडे मुका तो मुकाच. आकानिसीने कानातला दाणा काढून ताटलीत ठेवला तेव्हा विद्यावतीने त्याला लागलेल्या तेलकट मळाकडे नीट पाहिलं. मग गल्ल्यामागून उठून ती बाहेर आली, आकानिसीच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, तुलोउ. रागावणार नसाल तर कानात बघू का?"

'तुलोउ' म्हणजे डोक्याच्या वर हात नेण्याआधी मागायची माफी. आकानिसीला हा शब्द कुणी शेवटचा कधी म्हटला होता, आठवेना. घरात ती सगळ्यात वडीलधारी. सुना, लेकरं, कुणी तिच्या डोक्याजवळ जाण्याची छाती करत नव्हतं, मग कानात कोण बघणार? ती लाजली, इकडेतिकडे पाहिलं आणि मान कलती केली.

विद्यावतीने फोनचा उजेड पाडला. "तेल घालता?"

"दर रविवारी. खोबऱ्याचं, कोमट. माझी आजी घालायची."

"आणि वर कापूस?"

"कारखान्यात फार आवाज असतो गं."

"मावशी, कान नाहीत गेलेले तुमचे. बुजलेत. आतलं दगडी बूच मला इथून दिसतंय. माझ्या सासूचं अस्संच झालं होतं. ती आम्हाला सहा महिने शिव्या घालत होती, की तुम्ही सगळे मुद्दाम हळू बोलता." विद्यावतीने तिन्ही जोड उचलून कपाटात परत ठेवले. "आज मी काही विकणार नाही. आधी दवाखान्यात जा. कान साफ झाला की माप बदलतं. आज घेतलेला जोड परवा सैल होईल."

दुकानदार बाई स्वतःचं गिऱ्हाईक हाकलतेय, हे आकानिसीने जन्मात पाहिलं नव्हतं. थोडा राग आला, थोडं रडू आलं, आणि त्याच्यामागून, दोन वर्षांत पहिल्यांदा, आशा वाटली.

लेवुकाच्या दवाखान्यातल्या नर्सने पाच दिवस घालायला थेंब दिले आणि सहाव्या दिवशी कोमट पाण्याची पिचकारी मारली. जे काही बाहेर पडलं त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसांपुढे करू नये. तेल, मळ आणि कापसाचे तुकडे, आजीपासूनची सगळी ठेव. त्यानंतर आकानिसी खुर्चीत बसून राहिली. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. नर्सच्या चपला चटचट वाजत होत्या. बाहेर एक बाई दुसरीला सांगत होती की पाद्र्याची बायको वजनाने वाढलीय. हे सगळं जग चालूच होतं तर!

"डावा थोडा कमीच राहील," नर्स म्हणाली. "तो यंत्रांनी नेलाय, परत यायचा नाही. कापूस बंद. कारखान्याकडून कानावर घालायची जाड झाकणं मागून घ्या. तेल डोक्याला लावा, कानात नको. आणि इअरफोनचा आवाज अर्ध्याच्या वर नेलात तर माझ्याशी गाठ आहे."

पुढच्या शनिवारी ती दालोच्या कंदांची जुडी घेऊन विद्यावतीपुढे उभी राहिली. विद्यावतीने जुडी ठेवून घेतली, आभाराच्या भाषणाला मात्र "पुरे हो" म्हणून हात झटकला आणि ताटली पुढे ओढली. आता मापं खरी निघाली. डाव्याला लहान टोपी, उजव्याला मधली. दोन कान सारखे नसतात, हे आकानिसीला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

"आता मान हलवा. जांभई द्या. आता हे खा." विद्यावतीने आपल्या डब्यातली बटाट्याची भाजी गुंडाळलेली रोटी तिच्या हातात दिली.

"हे कशाला?"

"गाताना जबडा हलतो ना? खाताना जो टिकतो तो गाताना टिकतो."

पहिला जोड दुसऱ्या घासाला निसटला. दुसरा टिकला, पण त्याची पाठ बाहेर आलेली, बसच्या खांबाला डोकं टेकलं की टोचला असता. तिसरा बुटका, हलका, वायर कानावरून मागे वळवायची. रोटी संपली तरी जागचा हलला नाही. त्यात धमधम कमी होती, पण मास्तरांच्या गळ्यातली खरखरसुद्धा ऐकू येत होती, आणि आवाज अर्ध्यावरच होता. किंमत अठरा डॉलर.

"महागातला नको?" आकानिसीने विचारलं.

"महागाचा डबा छान असतो. तुम्हाला डबा कानात घालायचाय का?"

त्या दिवसापासून तिचा प्रवासच बदलला. डोळे मिटून ती मास्तरांचा सूर पुन्हापुन्हा ऐके. बसमधल्या दणदणाटात तो एकटा सूर तिच्यापाशी बसून राही. नातोवीच्या धक्क्यापर्यंत एक कडवं, बोटीवर दुसरं. उनाइसी शेजारून डिवचायची, "बघा बाई, राणीसाहेब कानात वायरी घालून निघाल्या. माझ्याशी बोलायचं तर आता फोन करायला हवा." आकानिसी एक दाणा काढून म्हणायची, "फोन केलास तरी उचलणार नाही." कान बुजले होते, साफ केले, यातलं तिने उनाइसीलाही काही सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती.

आणि तालमीत आता तिला सगळं ऐकू येत होतं. पहिल्याच शनिवारी तिला एक मजा कळली. मागून उनाइसी चुकत होती. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला, खालच्या पट्टीने उचलायच्या क्षणभर आधीच, ती हळूच तो सूर गुणगुणायची. एकदा नाही, दर वेळी. बोटीवर आकानिसीने संधी सोडली नाही. "काय गं, घाई कसली असते तुला? मास्तरांच्या आधी गाणं संपवून घरी जायचंय?"

उनाइसीने नुसते दात काढले. "म्हातारी झाले. धीर धरवत नाही."

तीन शनिवार हा विषय आकानिसीला पुरला.

जुलैचा शेवटचा शनिवार उजाडला. आकानिसी एकटी उभी राहिली आणि अथपासून इतिपर्यंत गायली. एकही सूर हलला नाही. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. त्या माणसाकडून एवढं म्हणजे खूपच. तिला वाटलं, पळत जाऊन विद्यावतीच्या गळ्यात पडावं.

मग मास्तरांनी यादी वाचली. दहा नावं. आकानिसीचं पाचवं. एक बाई न्यूझीलंडला मुलीकडे जाणार होती, तिचं नव्हतंच. आणि उनाइसीचं नव्हतं.

"उनाइसी," मास्तर कागदाकडे बघतच म्हणाले, "आवाज चांगला आहे तुझा. पण दोन वर्षं तू ठोक्याच्या आधी शिरतेस. किती वेळा सांगितलं, म्हणून आज तुला एकटं गायला उभंही केलं नाही. स्पर्धेत हे चालणार नाही."

दोन वर्षं. तेवढीच वर्षं आपले कान बुजलेले, हे आकानिसीच्या ध्यानात आलं. उनाइसी आधी गुणगुणायची ती फक्त उचलायच्या सुरापुरती. कडव्याच्या मध्ये कुठेच तिची घाई नव्हती. आणि तो सूर ती मोठ्याने नव्हे, पुढे वाकून, आकानिसीच्या उजव्या खांद्यापाशी सोडायची. जो कान थोडाफार चालत होता, त्या बाजूला. त्याच पुसट गुणगुणीवर आकानिसी नकळत सूर उचलत आली होती. म्हणजे आकानिसीने जे साऱ्या जगापासून लपवलं होतं ते उनाइसीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. दर शनिवारी शिव्या खाल्ल्या आणि सूर पुरवत राहिली. आणि आपण? आपण तीन शनिवार तिची टर उडवत होतो.

उनाइसी पिशवी उचलून दाराकडे निघालीसुद्धा होती.

"मास्तर," आकानिसी उभी राहिली. "ती चुकत नव्हती. मला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं माझे कान बंद होते आणि मी सगळ्यांना फसवलं. माझी वेळ चुकू नये म्हणून ती मला सूर द्यायची. नाव कापायचं तर माझं कापा."

बायकांच्या रांगेत दोघीतिघींनी माना खाली घातल्या. त्यांनाही ठाऊक असावं.

"उनाइसी, खरं का हे?"

"हिचं काय ऐकता मास्तर," उनाइसी दारातूनच म्हणाली. "मी आपली घसा साफ करत होते."

"इकडे ये. एकटी गा."

उनाइसीने पिशवी खाली ठेवली आणि गायली. ठोक्यावर उचललं, ठोक्यावर सोडलं, प्रत्येक कडवं. मग मास्तरांनी पेन्सिल काढली आणि दहाव्या नावाखाली अकरावं लिहिलं. आकानिसी तिथेच बाकावर बसून रडली, आणि लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही.

परतीच्या बसमध्ये तिने इअरफोन पिशवीतून बाहेर काढले नाहीत. उनाइसीला एकही टोमणा मारला नाही. ड्रायव्हरची गाणी दणदणत होती. नातोवीच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना शेवटी उनाइसीलाच राहवेना.

"आजारी आहेस का गं?"

"नाही," आकानिसी म्हणाली. "विनाका, उनाइसी."

लहानपणी एका चटईवर झोपलेल्या त्या दोघी, पन्नास वर्षांत एकमेकींना आभार हा शब्द कधी म्हणाल्या नव्हत्या. उनाइसीने तोंड समुद्राकडे फिरवलं आणि बोट लागेपर्यंत ते इकडे वळवलं नाही.